मांजर कोणाकडे ?

पुसेगांव म्हटलें म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें सातारा जिल्ह्यांतील, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचें पुसेगांव उभें राहतें. आमचें पुसेगांव तें नव्हे. आमचें हिंगोली जिल्ह्यांत, सेनगांव तालुक्यांत. संत नामदेवांची नर्सी ज्या भागांत आहे त्याच भागांत. या नामसाम्याचा आम्हांस आजवर एवढाच उपद्रव झाला कीं, आमचें एखादें पत्र आधीं साताऱ्याची यात्रा करून मग सावकाश आमच्या हातीं पडे. यंदा एप्रिलांत आमचा नातू मात्र पुण्याहून निघाला तो कोठेंही न चुकतां, रात्रभर गाडींत बसून, सकाळीं दारांत येऊन उभा राहिला. तेव्हां अंगणांत शिजवलेली हळद वाळत पडली होती, आणि तिच्यांतून पाय टाकावयास वाट कोणती हें त्याला कळेना. आम्हीं ओसरीवरूनच ओरडून सांगितलें, "भिंतीकडेनं ये, भिंतीकडेनं!" सहा महिन्यांनीं भेटलेल्या नातवाशीं आमचें पहिलें भाषण हें असें झालें.

तो सोळाव्या वर्षांत आहे. दहावीची परीक्षा आटोपलेली. पिशवी उतरवून ठेवल्यावर त्यानें भिंतीवरचें 'कालनिर्णय' खालीं काढलें, आणि एप्रिल, मे व जून या तीन पानांवर तांबड्या व निळ्या पेन्सिलीनें तारखांभोंवतीं वर्तुळें काढलीं. निळीं वर्तुळें बापाचीं, तांबडीं आईचीं. आमच्या चिरंजीवांनीं व सूनबाईंनीं परस्परसंमतीनें घटस्फोटाचा अर्ज पुण्यास न्यायालयांत दिलेला आहे, आणि त्या अर्जास जोडलेल्या अटींत मुलाच्या सुट्टीचे दोन समान भाग पाडलेले आहेत. पहिला भाग बापाचा. बाप दिवसभर कचेरींत. म्हणून बापाचा भाग पुसेगांवीं आला. येथवर गणित सरळ होतें. पुढें अडचण निघाली ती अशी कीं, सुट्टीचे दिवस विषम भरले व मधला एक दिवस कोणाच्याच रंगांत बसेना. तो त्यानें कोराच ठेवला, आणि पेन्सिली खिशांत घालतां घालतां म्हणाला, "आजोबा, हा दिवस माझा."

आम्ही हंसलों नाहीं. अशा जागीं हंसूं नये असेंच आमच्या पिढीला शिकवलेलें आहे. त्याचा मात्र चेहरा, एखादें अवघड उदाहरण सुटल्यावर मुलाचा असतो तसा, प्रसन्न होता.

तिसऱ्या रात्रीं त्यानें आपला लहानसा संगणक ओसरीवर आणून ठेवला आणि एक अमेरिकन चित्रपट लावला. आम्हांस इंग्रजी वाचतां येतें. ऐकलेलें मात्र, विशेषतः अमेरिकन तोंडचें, निम्मेंच कळतें. परंतु चित्राखालीं अक्षरें उमटत होतीं, आणि तीं फार भरभर सरलीं म्हणजे तो चित्र थांबवून अर्थ सांगे. शिवाय दोन-तीन प्रसंग त्यानें, आमच्या वयाचा मान राखून, न विचारतांच पुढें सरकवले. ते त्यानें स्वतः पाहिलेले आहेत हें उघड होतें. पण त्या विषयीं आम्हीं दोघांनींही मौन पाळलें.

चित्रपटाचें नांव 'द स्क्विड अँड द व्हेल'. व्हेल म्हणजे देवमासा हें सर्वांस ठाऊक आहे. स्क्विड म्हणजे कोंकणांत ज्याला माकूल म्हणतात त्याच जातीचा, पण खोल समुद्रांतला प्रचंड प्राणी. ज्यांनीं समुद्रच वयाच्या तिसाव्या वर्षीं प्रथम पाहिला, त्या आमच्यासारख्या मराठवाड्याच्या माणसास हें नांव ऐकून हा जलचरांविषयींचा माहितीपट असावा असें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. प्रत्यक्षांत तो चौघांच्या एका कुटुंबाचा, आणि त्या चौघांच्या वांटणीचा आहे. २००५ सालचा हा चित्रपट नोआ बॉमबाक या दिग्दर्शकानें आपल्या आईबापांच्या ताटातुटीवरून रचला. त्याचा खरा बाप कादंबरीकार व खरी आई चित्रपटांची टीकाकार. चित्रांत दोघांनाही लेखक केलें आहे. मोठ्या चित्रसंस्थेचा आश्रय नाहीं. सुमारें १५ लाख डॉलर खर्चून २३ दिवसांत चित्रण उरकलेलें. आमच्या हिशेबीं ही रक्कम डोळे फिरविणारी आहे, परंतु त्या देशांत एवढ्यांत चित्रपट काढणें म्हणजे घरच्या पिठावर लग्न उरकण्यापैकींच होय. लांबी अवघी ८१ मिनिटांची. आमच्याकडे एवढ्या वेळांत नायकाचें शिक्षणही पुरें होत नाहीं.

कथा १९८६ सालची, न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतली. बाप बर्नार्ड हा एके काळीं नांवाजलेला व आतां मागें पडलेला लेखक. आई जोन ही नुकतीच पुढें येऊं लागलेली. थोरला मुलगा वॉल्ट सोळा वर्षांचा, धाकटा फ्रँक बारा वर्षांचा. एके दिवशीं आईबाप दोघां मुलांना समोर बसवून आपण विभक्त होत आहों असें सांगतात, आणि लागलींच आठवड्याच्या दिवसांची वांटणी जाहीर करतात. आठवड्याचे दिवस सात, आणि सातास दोहोंनीं भाग जात नाहीं. म्हणून गुरुवार आलटून पालटून. इतका चोख हिशेब झाल्यावर मुलांकडून प्रश्न येतो: मांजराचं काय? त्या दोन विद्वान् माणसांनीं मांजराचा विचारच केलेला नसतो.

येथें आमचा नातू इतका हंसला कीं, त्याची आजी काय झालें म्हणून आंतून बाहेर आली.

पुढें असेंच चालतें. बाप उद्यानापलीकडे एक जुनाट घर घेतो आणि धाकट्यासाठीं शाळेंतल्यासारखें लिहावयाचें मेज आणून ठेवतो. तें मेज डावखुऱ्या मुलाचें निघतें, आणि मुलगा तर उजवा. बापाला दोष द्यावा तर त्यानें मेज प्रेमानेंच आणलेलें असतें. फक्त आणतांना आपला मुलगा कोणत्या हातानें लिहितो हें त्याला आठवलेलें नसतें. सबंध चित्रपटांत आम्हांस हा एवढासा प्रसंग सर्वांत क्रूर वाटला. थोरल्याची तऱ्हा आणखीच वेगळी. तो बापाचा भक्त. बापानें ज्या पुस्तकाला क्षुद्र म्हटलें तें त्यानें न वाचतांच क्षुद्र ठरवावें, ज्याला थोर म्हटलें तें न वाचतांच थोर. काफ्काच्या एका कथेविषयीं तो एका मुलीपुढें मोठ्या ऐटीनें सांगतो कीं, ती अगदीं काफ्काच्या वळणाची आहे. आणि ती बिचारी म्हणते कीं, ती काफ्कानेंच लिहिलेली असल्यामुळें तसें असणें भागच आहे. शाळेच्या समारंभांत तो पिंक फ्लॉईड या गायकवृंदाचें गाणें आपलेंच म्हणून गातो व बक्षीस मिळवतो. चोरी उघडकीस आल्यावर त्याचें म्हणणें काय, तर तें गाणें मला लिहितां आलें असतें असें मला वाटलें. दुसऱ्याचें मत आणि दुसऱ्याचें गाणें हीं दोन्हीं एकाच खिशांतून निघतात, आणि आईवरचा त्याचा सारा रागही त्याच खिशांतला, म्हणजे बापाचाच असतो, हें दिग्दर्शकानें कोठेंही बोलून दाखवलेलें नाहीं.

नांवाचा उलगडा शेवटीं होतो. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत देवमासा व स्क्विड यांच्या झुंजीचा मोठा देखावा मांडलेला आहे. वॉल्ट लहानपणीं त्या देखाव्याला भिई. बोटांच्या फटींतून पाही. आणि मग घरीं आई त्याला तीच झुंज अशी वर्णन करून सांगे कीं, भीति निघून जाई. ही आठवण त्याला फार उशिरां होते. कारण ती आठवण आईची आहे, आणि बापाच्या पक्षांत गेलेल्या मुलाला आईच्या चांगल्या आठवणी ठेवतां येत नाहींत. अखेरीस तो एकटाच धांवत त्या देखाव्यासमोर जाऊन उभा राहतो, आणि चित्रपट संपतो.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. मांजराच्या प्रश्नावर नातू हंसला हें आम्हांस थोडें लागलें होतें. पण डोळा न लागण्याचें कारण निराळें होतें. तो प्रश्न आम्हीं पूर्वीं ऐकलेला होता. फक्त तेथें मांजर नव्हतें, शेळी होती.

साल १९६० च्या सुमाराचें. महाराष्ट्र राज्य नुकतेंच झालें होतें, आणि आमचा भाग तेव्हां परभणी जिल्ह्यांत मोडत असे. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. आम्ही आठ वर्षांचे. आमच्या घरामागच्या आळींत एका जोडप्याचें पटेना, व शेवटीं काडीमोड घेण्याचें ठरलें. निजामी अंमलांतल्या बोलण्याच्या सवयीनें म्हातारीं माणसें त्यालाच फारकत म्हणत. दुपारीं निंबाखालीं पंच बसले. भोंवतीं सारी आळी, आणि माणसांच्या पायांमधून डोकीं घालून आम्ही पोरें. सासरचे दागिने सासरीं, माहेरचीं भांडीं माहेरीं, ही वांटणी अर्ध्या घटकेंत उरकली. मग शेळी निघाली. शेळी बाईनें माहेराहून आणलेली. ती तिची, यांत वाद नव्हता. परंतु तिचें करडूं या घरीं जन्मलेलें, या घरच्या पाल्यावर वाढलेलें. तें कोणाचें? एक पंच म्हणाला, बी ज्याच्या रानांत पडलें त्याचें पीक. दुसरा म्हणाला, मग शेळीनें येथें दिलेल्या दुधाचा हिशेब करा. तिसऱ्यानें विचारलें कीं, करडाचा बाप कोणाच्या मालकीचा बोकड होता तें आधीं सांगा. त्यालाही हिस्सा द्यावा लागेल. लोक पोट धरधरून हंसत होते. पदराआड ती बाईही हंसत होती हें आम्हीं पाहिलें. तिचा नवरा हंसला नाहीं. पण त्याच्याही मिशीखालीं कांहींतरी हाललें. दिवस कलंडेपर्यंत हें चाललें, आणि अखेर शेळी बाईला व करडूं नवऱ्याला, असा निवाडा झाला. मग काडी मोडली.

त्या दोघांना एक मुलगाही होता. तो शाळेंत आमच्या शेजारीं बसे. त्याच्याविषयीं एक म्हातारा म्हणाला, "पोरगं बापाचं." कोणीं हरकत घेतली नाहीं. लागलींच पंचांच्या जेवणाचा विषय निघाला.

रात्रभर तें करडूं ओरडत राहिलें. आमच्या घरापर्यंत ऐकूं येई. पहांटे त्या नवऱ्यानें काय करावें? त्यानें करडूं खांद्यावर टाकलें, आणि तीन कोसांवरच्या बायकोच्या माहेरीं नेऊन तें शेळीपाशीं सोडलें. या गोष्टीवरून आळींत पुढें कित्येक दिवस त्याची थट्टा होत असे. मुलगा मात्र घरींच राहिला. तो ओरडला नव्हता. बाजाराच्या दिवशीं तो शाळेंतून नाहींसा होई, आणि परत येई तेव्हां त्याच्या सदऱ्याच्या खिशांत फुटाणे असत. ते कोठून आले हें आम्हीं त्याला कधीं विचारलें नाहीं, आणि त्यानेंही कधीं सांगितलें नाहीं. आमच्या वांट्याचे मात्र तो न चुकतां देत असे.

वाचकांस हें विषयांतर वाटेल. परंतु आमच्या मतें विषय हाच आहे. शिकलेल्या मध्यम वर्गांत अशी समजूत असते कीं, घटस्फोट ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी वस्तु आहे. ती आमच्यापुरती नवी आहे, एवढेंच खरें. इंग्रजी अंमलांत १८६९ चा घटस्फोटाचा कायदा झाला तो ख्रिस्ती लोकांसाठीं. हिंदूंकरितां बडोदें संस्थानानें १९३१ सालीं तसा कायदा केला. मुंबई प्रांतानें १९४७ सालीं. आणि सर्व देशाकरितां १९५५ चा हिंदु विवाह कायदा आला. आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें मुंबईच्या कायद्याचें वारेंही आम्हांस लागलें नव्हतें. पण ज्या जातींत काडीमोड व पाट या रीति चालत, त्यांना यांपैकीं कशाचीच वाट पाहावी लागली नाहीं. आणि १९५५ च्या कायद्यानेंही आपल्या २९ व्या कलमांत रूढीनें चालत आलेला हा हक्क शाबूत ठेवला. आमच्या घरीं या निंबाखालच्या गोष्टी निघत तेव्हां वडील माणसें 'त्या लोकांत चालतें' एवढें म्हणून कूस बदलीत. आज आमच्याच घरांत तें चाललें आहे. आणि चौदा पानांचा अर्ज, दोन वकील व परस्परसंमतीचें कलम असूनही मधला दिवस कोणाचा हें ठरलेलें नाहीं. परस्परसंमतीची ही वाट कायद्यांत १९७६ सालीं उघडली. अर्ज दिल्यावर विचारासाठीं सहा महिने थांबावें असा तिचा नियम आहे. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही मुदत प्रत्येक खटल्यांत अटळ नाहीं असें म्हटलें. आमच्या घरच्या सहा महिन्यांपैकीं साडेचार संपले आहेत.

आतां प्रश्न असा कीं, जी गोष्ट निंबाखालीं एका दुपारीं हंसतां हंसतां आणि रडतां रडतां सर्वांनीं पाहिली, ती आमच्या रंगभूमीवर व पडद्यावर कां दिसूं नये? हंसविणारे लेखक आमच्यांत थोडे नाहींत. अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी' या १९३६ सालच्या नाटकानें महाराष्ट्राला मनमुराद हंसवलें. पण तेथें डॉक्टराचें मन रश्मीकडे कितीही धांवलें तरी अखेर तो यामिनीपाशींच येतो, आणि यावयाचाच असतो, म्हणून तर आपण निर्धास्त हंसतों. पुढल्याच वर्षीं प्रभातचा 'कुंकू' आला. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामांनीं तो काढला. म्हाताऱ्याशीं फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानण्याचें नाकारते. शांता आपटे व केशवराव दाते यांचीं तीं कामें, आणि पार्श्वसंगीताच्या ऐवजीं नुसत्या घरगुती आवाजांवर तोललेले ते प्रसंग, आम्हीं पुढें दूरदर्शनवर पाहिले तेव्हांही अंगावर कांटा आला. या चित्रांत हंसूं आहे. आरशापुढच्या म्हाताऱ्याचें तें हंसूं आहे. पण सुटकेचा प्रश्न आला कीं तें थांबतें, आणि म्हाताऱ्याला आपला जीव द्यावा लागतो, तेव्हां कोठें नीरा मोकळी होते. १९३७ सालच्या पुण्यांत त्या घरापुढें दुसरें दार नव्हतें. कायद्यानें दार ठेवलें नाहीं म्हणजे कथाकाराला माणूस मारावा लागतो.

याच 'कुंकू'मध्यें म्हाताऱ्याच्या विधवा व समाजकार्य करणाऱ्या मुलीचें काम शकुंतलाबाई परांजपे यांनीं केलें आहे. रँग्लर परांजप्यांच्या या कन्या. केंब्रिजला गणित शिकून आलेल्या. त्यांचा स्वतःचा एका रशियन चित्रकाराशीं झालेला विवाह टिकला नाहीं, आणि १९३८ सालीं जन्मलेली आपली मुलगी त्यांनीं तिच्या आजोबांच्या घरीं वाढवली. ती मुलगी म्हणजे सई परांजपे. 'चष्मेबद्दूर' (१९८१) आणि 'कथा' (१९८३) हीं त्यांचीं चित्रें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना बोचरें न होतां हंसवणें म्हणजे काय हें सांगावयास नको. मोडलेल्या घरांतून विनोद उगवतो, असा उतावळा कार्यकारणभाव आम्ही जोडूं इच्छीत नाहीं. आम्हांस फक्त त्या आजोबांचा थोडा हेवा वाटतो.

पुढें कायद्यानें दार उघडलें, तरी आमचें चित्र दारापर्यंत जाऊन परत फिरूं लागलें. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'ला (१९८२) यांतून वगळलें पाहिजे. त्यांतली सुलभा खरोखरच बाहेर पडते, आणि मागें राहिलेल्या मुलीचें दुःखही तेथें आहे. पण हंसावयास तेथें जागा नाहीं, आणि ती असावी असें म्हणणेंही अन्यायाचें होईल. आमच्या विषयाच्या सर्वांत जवळ येणारा मराठी चित्रपट 'कळत नकळत' (१९८९) हा होय. स्मिता तळवलकरांनीं निर्माण केलेला व कांचन नायकांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालें. नवरा विक्रम गोखले, बायको सविता प्रभुणे, मध्यें आलेली अश्विनी भावे, आणि रुसलेल्या मुलांना हंसवणारा मामा अशोक सराफ. या मामापायीं आम्हीं तो चित्रपट तीनदां पाहिला आहे. आईबापांच्या भांडणांत मुलांच्या वांट्याला जें येतें तें येथें खरें उतरलें आहे. पण शेवटीं घर सांधलें जातें. प्रेक्षकगृहांतून बाहेर पडतांना आम्हांस तेव्हां फार बरें वाटलें होतें, हें कबूल करतों. आज मात्र असें वाटतें कीं, ज्यांचें घर सांधलें जात नाहीं त्या मुलांना हें चित्र काय सांगणार? आमच्या पडद्यावर भांडण आहे, पश्चात्ताप आहे, मीलन आहे. गुरुवार कोणाचा, पांघरुणें किती, करडूं कोणाचें, हा जो मधला लांबलचक व हास्यास्पद काळ, ज्यांत मुलें खरोखर राहतात, तो तेवढा नाहीं.

एक गोष्ट मात्र त्या अमेरिकन चित्रपटांत आम्हांस खटकली, व ती आम्हीं दुसऱ्या दिवशीं नातवापाशीं मोठ्या अभिमानानें बोलून दाखवली. आम्हीं म्हटलें, "त्या घरांत आजी नाहीं, आजोबा नाहीं, मामा नाहीं, आळी नाहीं. तीं दोन पोरं सगळा हिशेब एकटीं करतात. आपल्याकडे असं होत नाहीं." तो हळद खालींवर करीत होता. कामाच्या नादांत मान वर न करतां म्हणाला, "हो. पण आजोबा, आईला घरापेक्षां हुद्दा मोठा वाटतो, हें मात्र खरंच आहे ना?"

तें वाक्य आमचें होतें. शब्दन् शब्द आमचें. गेल्या दिवाळींत, चिरंजीवांची जुनी नोकरी गेल्याच्या आणि सूनबाईंना बढती मिळाल्याच्या सुमारास, आम्ही तें टेलिफोनवर चिरंजीवांस बोललों होतों. तेथून तें मुलाच्या कानीं केव्हां गेलें, किती दिवस त्याच्या खिशांत राहिलें, कोणास ठाऊक. तो वॉल्ट काफ्काविषयीं ज्या सुरांत बोलतो त्याच सुरांत हा आपल्या आईविषयीं बोलत होता; आणि येथें कोणीं त्याला, तें पुस्तक तूं वाचलं आहेस का, असें विचारणारें नव्हतें. विचारावयाचें तर आम्हींच विचारावयाचें. सूनबाई सोळा वर्षें या घरीं येत आहे. आम्हांस ती बाबा म्हणते. हिंवाळ्यांत पाय सुजले तेव्हां पुण्याच्या दवाखान्यांत आमच्यापाशीं रात्रीं कोण बसलें होतें, हें त्या वाक्यांत कोठेंच नव्हतें. अर्ज दिल्यापासून तिचे दोन टेलिफोन आले. दोन्हीं वेळां आम्हीं तो तसाच वाजूं दिला.

"हें खरं नाहीं," आम्हीं म्हटलें. "हें मी रागाच्या भरांत बोललों होतों."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें विचारलें, "मग बाबांना तसं सांगितलंत?"

आम्हीं सांगितलें नव्हतें. वयानें मोठ्या माणसाला असा प्रश्न विचारणें बरें नव्हे, असें आमच्या ओंठांवर आलेलें आम्हीं गिळलें.

येथें हळदीची गोष्ट सांगितली पाहिजे. दरवर्षीं नवी हळद दळून झाली म्हणजे आमच्याकडून पुण्यास पांच किलोंचा एक डबा जातो. लग्न होऊन आली तेव्हांपासून तो सूनबाई आपल्या हातानें भरून नेते. तिच्या माहेरींही त्यांतलीच हळद जाते. यंदा चैत्रांतच सौ.नें आम्हांस विचारलें होतें, डबे किती करायचे? आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां म्हटलें होतें, एकच. दरवर्षीं एकच जातो ना? ती कांहीं बोलली नाहीं. त्या "एकच"चा अर्थ काय होतो हें तिला तेव्हांच कळलें होतें, आणि आम्हांसही कळलें नव्हतें असें नाहीं. निंबाखालीं "पोरगं बापाचं" असें म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला तरी समोर सारी आळी होती. आम्हीं आमचा निवाडा वर्तमानपत्राआडून दिला होता.

कालनिर्णयावरचा कोरा दिवस उजाडला. हा दिवस तो कसा घालवतो याची आम्हांस उत्सुकता होती. नदीवर जाईल, दिवसभर झोंपेल, पुन्हां तो चित्रपट लावील, असे तर्क आम्हीं केले होते. तो सकाळीं उठला, चहा घेतला, आणि आजीला म्हणाला कीं, हळद मीच मोजतों. दळलेली हळद आदल्या दिवशींच गिरणीवरून आली होती. त्यानें तराजू मांडला. एक डबा भरला, झांकण लावलें. मग कोणासही न विचारतां फळीवरचा दुसरा डबा काढून पुसला आणि तो भरूं लागला. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. सौ. दारांत उभी राहून पाहत होती, आणि आमच्याकडे पाहण्याचें मुद्दाम टाळीत होती.

आम्हीं टेलिफोन उचलला व सूनबाईंना लावला. पलीकडे घंटा बरीच वाजली. ती बोलली तेव्हां तिच्या आवाजांत धाप होती. कदाचित् दुसऱ्या खोलींतून धांवत आली असेल.

"बाबा? काय झालं? तो बरा आहे ना?"

"बरा आहे. हळद मोजतो आहे."

थोडा वेळ दोन्हींकडे कोणीच बोललें नाहीं. मग तिनें विचारलें, "यंदा कशी आहे हळद?"

आम्हीं सांगितलें कीं, रंगाला चांगली आहे, पण अवकाळी पावसानें एक वाफा भिजला. आणि हिंगोलीच्या बाजारांत त्या आठवड्याला काय भाव निघाला, तेंही सांगितलें.